आईचा लेथ आणि मिस्त्रींचा चक

मामाचा फोन आला तेव्हा मी खराडीच्या ऑफिसातून घरी परतत होते आणि कंपनीच्या बसमध्ये माझा डोळा लागायच्या बेतात होता. सहकारनगरमधला त्याचा बंगला रिडेव्हलपमेंटला जाणार हे आम्हाला माहीत होतं. बिल्डरने आता घर रिकामं करायची तारीख दिली होती.

"आईला सांग," मामा म्हणाला, "गॅरेजमधलं ते धूड महिन्याच्या आत हलवावं लागेल. माझ्या ओळखीचा एक भंगारवाला आहे, क्रेन घेऊनच येतो. तिला काही बघावं लागणार नाही."

घरी येऊन मी निरोप दिला. आई पोळ्या करत होती. तव्यावरची पोळी उलटून ती म्हणाली, "भंगारवाल्याला नको म्हणून कळव. मशीन इकडे आणू."

"इकडे कुठे?"

"खाली पार्किंगमध्ये. तू गाडी रस्त्यावर लाव. सगळे लावतात."

आम्ही दोघी बिबवेवाडीतल्या एका जुन्या रो-हाऊसमध्ये राहतो. आईने तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेली होती, आणि तिच्याशी वाद घालून मी लहानपणापासून कधी जिंकलेले नाही. मी मामाला तसं कळवलं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं," आणि फोन ठेवला.

ते धूड म्हणजे लेथ मशीन. लोखंडाचा किंवा पितळेचा तुकडा एका टोकाला घट्ट धरायचा, गरागरा फिरवायचा आणि त्याला पोलादी हत्यार टेकवून हवा तसा आकार द्यायचा, हे त्याचं काम. वडिलांनी ते भवानी पेठेतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपसाठी घेतलं होतं. तिथे रसवंतीच्या चरकांचे रोलर दुरुस्त व्हायचे, पिठाच्या गिरण्यांचे शाफ्ट व्हायचे, कुणाच्या हातगाडीचा आस व्हायचा.

मी दहावीत असताना वडील गेले. दुपारी जेवायला घरी आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. उन्हाळा तोंडावर होता, रसवंतीवाल्यांची कामं अर्धवट पडून होती. वर्कशॉपमध्ये वडिलांशिवाय एकच माणूस होता. त्यांना मी चाचा म्हणायचे. आई त्यांना मिस्त्री म्हणायची आणि ते आईला वहिनी. त्यांचं घर घोरपडे पेठेत, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातच, आणि तिरकस बोलण्यात ते कुठल्याही सदाशिवपेठीला हार जाणारे नव्हते. दिवस झाल्यावर ते घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, गिऱ्हाइकांचं तुम्ही बघा, मशीनचं मी बघतो."

काही महिने तसं चाललं. मग चाचांना कावीळ झाली. ते अंथरुणाला खिळले आणि मशीन थांबलं. आई रोज वर्कशॉप उघडायची, आलेल्या माणसाला उद्या या म्हणायची आणि बंद मशीनसमोर बसून राहायची. चाचा बरे होऊन आले त्या दिवशी ती त्यांना म्हणाली, "मिस्त्री, मला शिकवा."

त्यांना ती थट्टा वाटली. मग ती थट्टा नाही हे कळल्यावर त्यांनी आधी तिला नुसता लोखंडाचा कीस झाडायला लावला, मग तेल घालायला, आणि बऱ्याच दिवसांनी हँडलला हात लावू दिला. वडिलांचा जुना खाकी शर्ट साडीवर चढवून, बाह्या कोपरापर्यंत दुमडून ती उभी राहायची. नवीन माणूस आत येऊन विचारायचा, "कारागीर कुठाय?" आई मान न वळवता म्हणायची, "तुमच्यासमोर."

माझं सगळं शिक्षण त्या मशीनवर झालं. पुढे जागेच्या मालकाने इमारत पाडायला काढली आणि वर्कशॉप बंद झालं. मशीन मामाच्या गॅरेजमध्ये गेलं, चाचा मुलाकडे कोंढव्याला राहायला गेले, आणि आमचं त्यांच्याकडे येणंजाणं थांबलं. का थांबलं ते मी विचारलं नाही. माझी नोकरी नवी होती. काम संपलं की माणसं पांगतात, असं मला वाटलं.

मशीन आणायच्या दिवशी आई सकाळपासून तयार होऊन बसली होती. हमालांनी ते लोखंडी पाइपांवरून सरकवत गॅरेजच्या बाहेर काढलं, क्रेनने उचलून टेम्पोत ठेवलं आणि आमच्या पार्किंगमध्ये पुन्हा पाइपांवरूनच आत ढकललं. या सगळ्या वेळात आई एकदाच बोलली. एक हमाल टेलस्टॉकला, म्हणजे मशीनच्या मागच्या सरकत्या भागाला, धरून ओढायला लागला तेव्हा ती म्हणाली, "त्याला नाही धरायचं. पायाला धरा." त्यानंतर तो माणूस प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी तिच्याकडे बघत होता.

सगळे गेल्यावर आम्ही ताडपत्री काढली. खाली आईने फासलेलं ग्रीस वाळून पिवळट साल झालं होतं. जिथे ग्रीस होतं तिथे लोखंड चांगलं होतं. पण मामाच्या पाण्याच्या टाकीकडची बाजू ओलीने खाल्ली होती आणि तिथे गंजाचे नारिंगी पोपडे सुटत होते. मोटरमध्ये उंदरांनी घर केलं होतं. पट्टा हातात घेतला तर बिस्किटासारखा मोडला.

आणि चक नव्हता. चक म्हणजे मशीनची मूठ. काम घट्ट पकडणारा तीन जबड्यांचा जाड गोल, उचलताना कमरेत वाकायला लावणारा. तो जिथे बसतो त्या आट्यांवर कुणीतरी ग्रीस माखलेलं फडकं गुंडाळून सुतळीने नीट बांधून ठेवलं होतं.

"आई, चक कुठाय?"

"नसेल."

"नसेल म्हणजे?"

"म्हणजे नाहीये. तू आधी ते डिझेल आण."

रॉकेल आता मिळत नाही, म्हणून डिझेल. त्यानंतरचे आमचे सगळे रविवार त्या मशीनपाशी गेले. आई स्टुलावर बसून चिंध्या डिझेलमध्ये बुडवायची आणि एकेक भाग पुसायची. गंजाचं काम माझ्याकडे होतं. मी जोर लावून पॉलिश पेपर घासायला लागले की ती म्हणायची, "कढई घासतेस का? हलक्या हाताने." मी फोनवर व्हिडिओ बघून गंज काढायच्या नव्या युक्त्या सांगायचे. त्यांतल्या काही तिने ऐकल्या. व्हिनेगरच्या भांड्यात लहान बोल्ट बुडवून ठेवायची युक्ती तिला इतकी आवडली, की तिने दोन दिवसांत स्वयंपाकघरातलं सगळं व्हिनेगर संपवलं.

सगळ्यात जास्त छळलं ते हेडस्टॉकने. मशीनच्या डाव्या बाजूची ती पेटी, जिच्यात फिरणारा मुख्य दांडा असतो. आतल्या तेलाची काकवी झाली होती आणि दांडा जागचा हलत नव्हता. आम्ही खालचा बोल्ट काढून तेल गळू दिलं, आत डिझेल आणि पातळ तेल ओतलं आणि वाट बघत बसलो. रोज ऑफिसातून आले की मी दांड्यावरच्या पुलीला दोन्ही हातांनी धरून बघायचे. कित्येक दिवस काही झालं नाही. माझी खात्री झाली होती की ते आतून जाम होऊन एकजीव झालंय. एका संध्याकाळी मी सवयीने हात लावला आणि पुली बोटभर सरकली. मी आईला हाक मारली. तिने येऊन स्वतः फिरवून बघितलं, पुढे, मागे, पुन्हा पुढे. मग आत गेली आणि चहा टाकला. चहा पिताना तिचा हात पुलीवरच होता.

जुनी मोटर थ्री फेजची होती आणि घरात तसं कनेक्शन नव्हतं. साध्या घरगुती विजेवर चालेल अशी मोटर आणि उलटसुलट फिरवायचा स्विच आणायला मी बुधवार पेठेत गेले. दुकानदाराने विचारलं, "कशासाठी?"

"घरी लेथ आहे. त्याला लावायची आहे."

"घरी लेथ," तो म्हणाला. "बरं. गच्चीवर विमानतळ असेल." पण त्याने मोटर योग्य दिली, आणि जोडणीचं चित्र एका कागदावर स्वतः काढून दिलं. तारा मी जोडल्या. आई बाजूला उभी राहून, मला शॉक बसतोय की काय ते बघत होती.

मशीन सुरू झालं त्या दुपारी पार्किंगमध्ये आम्ही दोघीच होतो. नवा पट्टा आधी चीं चीं वाजला, मग त्याने पकड घेतली आणि तो दांडा फिरायला लागला. बारीक घरघर, आणि तापलेल्या तेलाचा वास. भवानी पेठेतला तो वास मी विसरले आहे असं मला वाटत होतं. आईने स्विच बंद केला. दांडा हळूहळू थांबला.

"आता चक घेऊ," मी म्हणाले. "नवीन मिळतो. मी बघून ठेवलाय."

"नवीन नको."

"मग जुना कुठाय ते तरी सांग."

ती बराच वेळ हात पुसत राहिली. "मिस्त्रींकडे आहे," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. जागा सोडायची वेळ आली तेव्हा चाचांचं म्हणणं होतं की मशीन कोंढव्याला न्यावं, तिथे मुलाच्या घराशेजारी शेड आहे, काम चालू ठेवता येईल. आईच्या पाठीचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं आणि डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, मलासुद्धा. चाचांनी पुन्हा शेडचा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "मशीन आमच्या घरचं आहे, मिस्त्री. त्याचं काय करायचं ते मी ठरवीन." इतकी वर्षं दोघंही त्याला 'आपलं मशीन' म्हणत आले होते. चाचा नुसतं "बरोबर आहे, वहिनी" म्हणाले आणि निघून गेले. चक त्यांनी आधीच साफ करायला घरी नेला होता. त्यांनी तो आणून दिला नाही आणि आईने मागितला नाही.

"पण का बोललीस तसं?"

"मशीन चालतंय आणि मी तिथे नाही, हे मला बघवलं नसतं," आई म्हणाली. "दुसरं काही नाही."

पुढच्या रविवारी आम्ही कोंढव्याला गेलो. पत्ता जुना होता, पण दोन दुकानांत विचारल्यावर घर सापडलं. दार चाचांच्या सुनेने उघडलं. आईने स्वतःची ओळख सांगायच्या आधीच ती म्हणाली, "तुम्ही लेथवाल्या वहिनी ना? या, आत या."

चाचा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. पूर्वीचा दांडगा माणूस आटून निम्मा झाला होता, दाढी पूर्ण पांढरी. गुडघे गेले होते, त्यामुळे उठायचा प्रयत्न अर्ध्यावर सोडून ते पुन्हा बसले. आई समोरच्या पलंगावर टेकली. सुनेने पाणी आणलं. सगळ्यांची तब्येत विचारून झाली, चाची गेल्याचं आम्हाला तेव्हाच कळलं. मग आई म्हणाली, "मिस्त्री, मशीन सुरू केलंय."

"कुठे?"

"घरी. खाली पार्किंगमध्ये."

"चकाशिवाय?"

"म्हणून तर आले."

चाचांनी सुनेकडे बघितलं. ती हसत पलंगाखाली वाकली. "अब्बांचं लोखंड," ती मला म्हणाली. "फरशी पुसताना पायाला लागतं, तरी हलवू देत नाहीत. दर थोड्या दिवसांनी बाहेर काढायचं, तेल लावायचं, परत आत." आम्ही दोघींनी मिळून गोणपाटाची गुंडाळी ओढून काढली. आत चक होता. तेलकट, काळसर, जबडे स्वच्छ. चाचांनी वाकून चावी घातली आणि फिरवली. तिन्ही जबडे एकदम, अलगद आत सरकले.

"तुम्ही मागायला याल म्हणून ठेवला होता," ते म्हणाले.

"आणि मला वाटलं, तुम्ही आणून द्याल."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी रिक्षाचा हॉर्न वाजवत होतं.

"त्या दिवशी मी 'आमच्या घरचं' म्हणाले," आई म्हणाली. "तसं म्हणायला नको होतं."

"खोटं काही नव्हतं त्यात," चाचा म्हणाले. "ऐकायला बरं वाटलं नाही, एवढंच." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "टेलस्टॉक गंजलाय का?"

"नाही. त्याला ग्रीस फासलं होतं मी."

"कितीतरी फासलं असेल. पहिल्यापासून तुमचा हात सैल." आणि आई हसली. मला वाटतं ती जिना चढून आल्यापासून पहिल्यांदाच नीट श्वास घेत होती.

चक त्याच दिवशी आमच्या गाडीतून घरी आला आणि चाचाही आले. सुनेने त्यांच्याबरोबर गोळ्यांची डबी आणि काठी दिली आणि मला बजावलं, "जड उचलू देऊ नका." त्यांना बसायला आम्ही मशीनजवळ हाताची खुर्ची ठेवली. चक चढवताना हातातून निसटला तर खालच्या बेडला, म्हणजे हत्यार ज्यावरून सरकतं त्या रुळांना, खोक पडेल, म्हणून आईने घरातला जेवायचा पाट आणून बेडवर आडवा ठेवला. चक मी आणि शेजारच्या घरातल्या एका दणकट बाईंनी उचलला. चाचा खुर्चीतून सांगत होते, "सरळ धरा, आटे मोडतील." आई म्हणत होती, "मला माहितीये." चाचा म्हणाले, "तुम्हाला माहितीये, पण उचललाय त्यांनी."

चक बसला. आईने स्विच दाबला आणि मशीनमधून खडखड आवाज यायला लागला. चक नसताना हा आवाज नव्हता.

चाचांनी डोळे मिटून ऐकलं. "बेअरिंग गेलं," ते म्हणाले.

"बेअरिंग नाही," आई म्हणाली. "गिअर लागतोय कुठेतरी."

"वहिनी, मी सांगतो, बेअरिंग."

आम्ही बाजूचं झाकण उघडलं. गिअर ठीक होते. हेडस्टॉकमध्ये आणखी तेल घातलं. आवाज तसाच. दोघांचा वाद रंगात आला होता, जुनी उदाहरणं निघत होती, कुठल्या साली कुणाचं खरं ठरलं होतं याची उजळणी चालली होती. मशीनच्या पायावर पान्यांनी भरलेला एक पत्र्याचा ट्रे ठेवला होता. मी तो सहज उचलला. खडखड थांबली. ट्रे परत ठेवला, खडखड सुरू.

दोघंही ट्रेकडे बघत राहिले.

"तरी बेअरिंग एकदा बघायला हवंच," चाचा म्हणाले.

"गिअरसुद्धा," आई म्हणाली.

पहिला काप कुणी घ्यायचा यावरून थोडी ओढाताण झाली. तुम्ही घ्या, नाही तुम्ही घ्या. शेवटी चाचांनी गुडघ्यांकडे बोट दाखवलं आणि आई उभी राहिली. तिने पितळेचा एक जाड तुकडा चकात धरला, हत्यार बांधलं, चष्मा सारखा केला. मशीन सुरू झालं आणि हत्यार धातूला टेकलं. पितळेचा सोनेरी चुरा तिच्या मनगटावर उडायला लागला. तिने एकदा, दोनदा, तीनदा हत्यार नेलं आणि आणलं, आणि मशीन बंद करून बाजूला झाली.

चाचा काठी टेकत उठले. त्यांना जवळचं आता नीट दिसत नाही. त्यांनी तुकड्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला, दोनदा फिरवला. "मधोमध टोक राहिलंय," ते म्हणाले. "हत्यार खाली बांधलंत."

"तेवढं असू दे," आई म्हणाली.

"कसं असू दे? परत घ्या."

तिने हत्यार जरा वर उचलून परत बांधलं आणि परत काप घेतला. या वेळी चाचांनी अंगठा एकदाच फिरवला. तो तुकडा त्यांनी खिशात टाकला आणि घरी नेला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातले निवृत्त काका आले. दाराशी उभं राहून त्यांनी विचारलं, "अहो, इथे कारखाना निघालाय की काय?"

"हो," आई म्हणाली. "काही काम आहे का आपलं?"

ते गोंधळले. मग म्हणाले, त्यांच्या पत्नीच्या शिलाई मशीनचा पाय खडखडतो, आतला बुश झिजलाय, कुणी करून देत नाही. आईने तो जुना बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी छोटी नळी, आणवून घेतला. रविवारी चाचा आल्यावर दोघांनी मिळून पितळेचा नवा केला. पहिला सैल झाला. त्याचा दोष आईने चाचांच्या मापाला दिला आणि चाचांनी आईच्या हाताला. दुसरा चपखल बसला. काकांनी त्यानंतर आवाजाबद्दल विचारलेलं नाही. सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी विषय काढला तेव्हा, "छंद आहे त्यांचा, असू दे," असं तेच म्हणाले, असं ऐकलं.

आता चाचा बहुतेक रविवारी येतात. सून त्यांना स्कूटरवर सोडते आणि माहेरी जाऊन येते. काम फार होत नाही. आई अर्धा-पाऊण तास उभी राहते, मग पाठ सांगते तसं ऐकून स्टुलावर बसते. उरलेला वेळ चहात आणि बोलण्यात जातो. वडिलांच्या कितीतरी गोष्टी मला या वर्षात कळल्या. ते मशीनवर काम करताना सुरात गायचे, पण दारात गिऱ्हाईक दिसलं की लाजून थांबायचे, हे आईलासुद्धा माहीत नव्हतं. ती आत येताना त्यांना दिसायची, त्यामुळे तिने ते गाणं कधी ऐकलंच नव्हतं. चाचांनी एकदा वडिलांच्या सुरात दोन ओळी गुणगुणून दाखवल्या. आई मान खाली घालून ऐकत होती आणि संपल्यावर म्हणाली, "अजून एकदा म्हणा."

येत्या आठवड्यात चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मुलगा हिंजवडीला नोकरीला, त्याला रजा मिळणं अवघड, आणि सुनेच्या मागे मुलांच्या परीक्षा. ते ऐकल्यावर आई तिला म्हणाली, "तुम्ही नका काळजी करू. हॉस्पिटलमध्ये मी बसेन त्यांच्याजवळ." चाचा म्हणाले, "अहो, पट्टी बांधलेल्या माणसाला तुम्ही दिवसभर बोलून दमवाल." काल संध्याकाळी तिने मशीनला सगळीकडे तेलाचा हात फिरवला, वर चादर घातली, आणि हॉस्पिटलला न्यायच्या पिशवीत थर्मास ठेवला आहे का ते मला दोनदा विचारलं. ऑपरेशन अजून चार दिवसांनी आहे.